लेक आणायला नांदेडला

चाकूरच्या स्टँडवर नांदेडची गाडी लागली तेव्हा सकाळचे सात वाजत होते. जाताना आम्ही तिघं होतो, दादा, सुरेखावहिनी आणि मी. येताना चौघं असणार होतो.

लग्नाला बारा वर्षं झाली तरी दादा-वहिनींना मूल नव्हतं. दत्तक घ्यायचं ठरल्यावर कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिलीच. मी शिकावं म्हणून दादानं दहावीनंतर शाळा सोडून शेत धरलं होतं. आज मी लातूरच्या शाळेत शिकवते, ती त्याच्यामुळे. म्हणून प्रत्येक फॉर्म मी तीन-तीनदा तपासून भरला. काही वर्षं वाट पाहिली आणि नांदेडच्या एका संस्थेतली तीन वर्षांची रेणू आमच्या वाट्याला आली.

निघताना आईनं वहिनीला बजावलं होतं, "तिथलं चिंधीबी घरात आणू नका. जुनं सगळं गंगेत सोडा आन् नवं घालून आणा." आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. आई दत्तकाला तयार झाली होती, एवढंच आम्हाला खूप वाटत होतं. तिचा हा शब्द मोडायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

अहमदपूरला शेजारच्या बाकावर एक म्हातारी येऊन बसली. कुठं निघालात म्हणून तिनं विचारलं.

"लेक आणायला," दादा म्हणाला.

"जावई पाठवतो म्हणला का? लई अडवतेत मेले."

दादा कितीतरी दिवसांनी मोकळं हसला. "जावई न्हाई अजून, मावशी. लेक तीन वर्साची हाय." मग त्यानं सगळं सांगितलं. म्हातारीनं पिशवीतून गुळाचा खडा काढून वहिनीच्या हातावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर काळ्या रानात सोयाबीन पिवळं पडायला लागलं होतं.

नांदेडच्या स्टँडसमोर आम्ही सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, पोह्यांसारखा पदार्थ) खाल्ली. वहिनीनं आपली बशी तशीच दादाकडे सरकवली.

संस्थेत रेणू धर्माबादकडच्या, तेलुगू बोलणाऱ्या एका आयाबाईच्या कडेवर होती. सगळी मुलं तिला अक्का म्हणत. रेणूच्या हातात अक्काच्या जुन्या निळ्या लुगड्याचा एक तुकडा होता. त्याचं टोक ती बोटांत चोळत होती. अधीक्षिकाबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं, की अंतिम आदेश जिल्हाधिकाऱ्यांकडून येईपर्यंत मूल पालनपोषणासाठी म्हणून तुमच्याकडे राहील, आम्ही अधूनमधून येऊन पाहू. तो तुकडा तिच्यापासून काढू नका आणि इतक्यात धुऊही नका, असंही त्यांनी सांगितलं. त्या वेळी दादा-वहिनी रेणूकडेच बघत होते. ऐकलं ते मी. माझ्या वहीत मी ते लिहूनही घेतलं.

निघताना अक्का रेणूला "पो अम्मा" (जा बाळा) म्हणाली आणि तोंड फिरवून आत गेली.

तिथून रिक्षानं आम्ही घाटावर आलो. पाणी संथ होतं, कडेला जलपर्णी साचलेली. वहिनीनं रेणूला नवा पिवळा फ्रॉक घातला. जुना फ्रॉक पाण्यात सोडला, हात जोडले आणि मग हळूच तो निळा तुकडाही तिच्या मुठीतून सोडवून घेतला. माझी वही पिशवीत होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आईचा शब्द होता, आणि एका चिंधीसाठी पहिल्याच दिवशी वाद नको असं मला वाटलं. तुकडा जलपर्णीच्या कडेकडेनं गेला. रेणू रडली नाही. तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.

परतीच्या गाडीत ती दगडासारखी बसली. स्टँडवर घेतलेली अर्धापूरची केळी दादानं सोलून पुढं केली, तिनं तोंड फिरवलं. पाणी घेतलं नाही. तिचा अंगठा रिकाम्या बोटांवर चोळल्यासारखा फिरत होता. वहिनीनं आपला पदर तिच्या हातात दिला. नवीकोरी कडक साडी. रेणूनं तो चाचपला आणि सोडून दिला. "वद्दु" (नको), ती म्हणाली. दिवसभरात तिचा तेवढाच शब्द.

लोहा जवळ आलं तेव्हा मला राहवलं नाही. वही काढून लिहिलेलं मी दोघांना वाचून दाखवलं. आधी का बोलले नाही, हे त्यांनी विचारलं नाही. तेच मला जास्त लागलं.

"परत जाऊन मागू," दादा म्हणाला.

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. "आवो, पहिल्याच दिवशी चुकलो म्हणून सांगायचं? पोरगी ठेवून घेतील ते. आजून आपली कुठं झाली ती?"

भीती खरी होती. दादा रेणूच्या त्या फिरणाऱ्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "ठेवून घेतलं तर घेतलं. पन तिला आसं न्यायचं न्हाई." लोह्याला आम्ही उतरलो. तिकीट चाकूरचं असून इथंच कसे उतरता, म्हणून कंडक्टर पाठीमागून पुटपुटत होता.

पुन्हा संस्थेच्या दारात उभं राहिलो तेव्हा दुपार कलली होती. दादानं काही न लपवता सांगितलं. मी माझी चूक सांगितली. अधीक्षिकाबाईंनी ऐकून घेतलं आणि अक्काला हाक मारली. तिला पाहताच रेणू सकाळपासूनचं साठलेलं सगळं रडली. त्या रडण्यात वहिनीही रडली. रेणूला कडेवर घेऊनच अक्का आत गेली आणि अंगावरचं रोजचं लुगडं बदलून आली. उतरवलेल्या लुगड्याचा तिनं टर्रकन पदर फाडला.

"धुतलेलं चालत न्हाई," ती म्हणाली. "अंगाचं लागतंय." मग तिनं आपल्या हातानं रेणूला वहिनीच्या कडेवर दिलं.

बाई दारापर्यंत आल्या. वहिनीनं भीतभीत विचारलं, "न्यावं का मग?"

"न्या. परत आलात, म्हणून तर निश्चिंत होऊन पाठवते."

या वेळी रेणू अहमदपूरपर्यंत झोपली. उठल्यावर अर्धं केळ खाल्लं.

गावात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिची नजर थेट त्या लुगड्याच्या तुकड्यावर गेली. हे काय आणलं, म्हणून तिनं विचारलं. बारा वर्षांत वहिनीनं सासूला उलट उत्तर दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"ते तिच्यासंग आत येईल, आत्याबाई. न्हाईतर आमीबी हितंच बसतो."

आईनं वाकून रेणूच्या मुठीकडे पाहिलं. मग तिनं भाकरतुकडा रेणूवरून ओवाळला, तुकडा धरलेल्या मुठीवरूनही ओवाळला आणि टाकून दिला.

पुढच्या रविवारी मी लातूरहून घरी गेले. आई ओसरीत वाकळ (जुन्या लुगड्यांची गोधडी) शिवत बसली होती. शेजारी रेणू तिच्या दोऱ्याचं रीळ सांभाळत होती. वाकळीच्या कोपऱ्याला अक्काचा तुकडा टाचलेला, आणि त्याला लागून एक विटका हिरवा चौकोन. तो कशाचा, असं मी विचारलं.

"माझ्या आईच्या लुगड्याचा. लगीन होऊन आले तवा संग आणला व्हता." सुईत दोरा ओवत आई म्हणाली, "मला कुठं कुनी गंगेत सोड म्हणलं?"

मी पायरीवर टेकले. प्रवास मी पुष्कळ केला नाही, पण त्या एका दिवसात नांदेडला दोनदा गेले. दुसऱ्यांदा गेलो तेव्हाच रेणू आमच्याबरोबर आली, असं मला वाटतं.

आईनं टाका घातला आणि मान वर केली.

"तुझ्या वहीत काय लिवलंय गं? धुवायचं का न्हाई?"

"इतक्यात नाही," मी म्हणाले.

"मग तेवढा कोपरा सोडून धुवू."