हमालाच्या हातावरचं फडकं

मी सांगलीत पोलीस फौजदार असतानाची, एस.टी. स्टँडवरची ती घटना आठवली, की आजही माझं डोकं फिरतं.

त्याआधी आमच्या वरिष्ठांनी 'प्रवाशांच्या सुरक्षेसाठी' स्टँडवरच्या सगळ्या हमालांच्या बोटांचे ठसे घ्यायला लावले होते. गुन्हा नाही, संशय नाही; शाई लावा आणि कपाटात टाका! ते कशासाठी वापरायचे, कधी नष्ट करायचे, याचा नियम कोणालाच ठाऊक नव्हता.

मग एका जवानाच्या बायकोची सूटकेस स्टँडवर उभ्या असलेल्या साताऱ्याच्या गाडीतून चोरीला गेली. ती पाणी प्यायला खाली उतरली होती. रिकामी सूटकेस स्टँडमागे सापडली, दागिने गायब. तिच्यावरचा एक ठसा कपाटातल्या एका म्हाताऱ्या हमालाच्या ठशाशी जुळला. झालं! वरिष्ठांनी त्याला लॉकअपमध्ये घातलं, स्टँडवर त्याचा बिल्ला काढून घेतला. बिल्ला गेला म्हणजे पोटच गेलं.

चौकशी माझ्याकडे आली. मी विचारलं, "बाबा, सूटकेसला हात लावला होता का?"

"व्हय सायेब. लावनारच की! मीच गाडीत चढवली. हमाल हाय मी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या बाईंना बोलावलं.

"आवं, त्यांनीच दिली की चढवून," त्या म्हणाल्या. "पर मला कुनी इचारलंच न्हाई."

शेजारच्या सीटवर सफारी घातलेला एक गृहस्थ होता, 'जावा तुमी, मी बघतो सामानाकडं' असं तोच म्हणाला होता, हेही त्यांनीच सांगितलं. वर्णन आसपासच्या ठाण्यांना कळवलं. रहिमतपूरच्या एका सोनाराची खबर आली, की तसाच माणूस पाटल्या मोडायला आलाय. उचलून आणला. आधी लय ऐट, "मी कोण आहे माहीत आहे का?" वगैरे. बाई समोर उभ्या राहिल्या, तसा मुकाट कबूल झाला. सूटकेसवर त्याचेही ठसे होतेच. पण सफारीवाल्यांचे ठसे कोण कपाटात ठेवतो?

हमालांचे ठसे आता फाडून टाकू, असं मी म्हणालो. "असू द्या, कामाला येतील," वरिष्ठ म्हणाले. लाज कशी वाटली नाही!

आता विमानतळांवर बोटं आणि चेहरे टिपणारी यंत्रं आलीत. माझं म्हणणं तेच आहे. कोणाचे ठसे, कशासाठी घ्यायचे आणि कधी फाडायचे, हे आधी ठरवा. आणि ठसा जुळला तरी माणसाला विचारा, हात तिथं का गेला.

बाबांना बिल्ला परत मिळाला. नंतर एकदा ते स्टँडवर दिसले, दोन्ही हातांना फडकी गुंडाळून ट्रंक उचलत होते.

"हाताला काय लागलं, बाबा?"

"काय न्हाई सायेब. ठसा उठाय नको."