कासारणीने परत ठेवलेल्या बांगड्या

ही एकोणीसशे नव्वदच्या सुमाराची गोष्ट. मला नववा महिना लागला होता आणि देवीवरचा माझा विश्वास उडत चालला होता. तीन आठवडे अंगाला खाज सुटली होती. पुरळ नाही, गांधी नाहीत. तळहात आणि तळपाय मात्र आतून पेटल्यासारखे. मी रक्त येईतो खाजवी. "उष्ण झालंय गे," सासूबाई म्हणत, "पोराला दाट जावळ येणार." घरातल्या काकू हसत, "इंग्रजी शाळेतली नाजूक कातडी!" मला संताप येई, पण तोंडातून शब्द फुटत नसे. तमिळनाडूतल्या आमच्या कुंभकोणमात पावलोपावली देऊळ, आणि एकही देव माझी चौकशी करीना!

वळैकाप्पूला, म्हणजे गर्भारणीचे हात काचेच्या बांगड्यांनी भरायच्या समारंभाला, जवळच्या साक्कोट्टै गावाहून एक अनोळखी म्हातारी कासारीण आली. तिनं माझा तळवा उलटून पाहिला, डोळ्याची खालची पापणी ओढली. "अम्मा, पायही खाजतात? लघवी गडद होते?" तिनं तमिळमध्ये हळूच विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. तिनं हातातल्या बांगड्या टोपलीत परत ठेवल्या.

"मी या हातांत बांगड्या भरणार नाही. आधी डॉक्टर."

"अपशकुन करतेस?" सासूबाई कडाडल्या. "मुहूर्त टळतोय!"

"माझ्या लेकीचा मुहूर्त साधला होता, अम्मा. अशीच खाजवत होती. मूल पोटातच गेलं."

तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा ओरडले, "मला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!" यजमान रिक्षा आणायला धावले.

रक्त तपासल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा गरोदरपणातला यकृताचा विकार, पित्त रक्तात उतरतं. बाळाला धोका आहे, थांबता येणार नाही. "तीन आठवडे काय करत होतात?" त्यांनी विचारलं. मी मुकाट खाजवत बसले होते, आणि त्याची चीड मला अजून येते.

कळा आणवून दुसऱ्या दिवशी मुलगी झाली.

घरचे आता म्हणतात, कासारणीच्या रूपानं देवीच आली. मला तेही रुचत नाही. ती एक आई होती, आपलं दुःख घेऊन दारोदार हिंडणारी. देवीनं तिला आमच्या दाराशी वळवलं, एवढं मी मानते आणि दोघींनाही हात जोडते. मुकाट सोसण्यालाच मी शरणागती समजत होते. लेक जन्मली ती आकांत करत, कुणाची भीड न धरता. हाक मारावी ती अशी, पोटातून. मग पुढचं अंबेवर सोपवावं.