हन्नामावशींचा राग

हन्नामावशींना राग आला की त्या आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "समोरच्याचा चेहरा नीट दिसला की दया येते, आणि रागाचं काम अर्धवट राहतं." इथे परदेशात, स्कोफिल्ड्सच्या हॉलमध्ये दर रविवारी भरणाऱ्या आमच्या मराठी शाळेत त्या सहा वर्षं शिकवत होत्या. या सहा वर्षांत तो चष्मा मुलांपेक्षा आम्हा पालकांसाठीच जास्त वेळा निघाला. उशिरा पोचणाऱ्यांसाठी, मुलांशी इंग्लिशमधून बोलणाऱ्यांसाठी आणि 'चालतंय' म्हणणाऱ्यांसाठी तर हमखास.

हन्ना पालकर. मूळच्या अलिबागकडच्या, ठाण्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. नाव आणि आडनाव यांचा मेळ नव्या पालकांना लागायचा नाही. एकीने विचारलं, "मावशी, तुमचं लव्ह मॅरेज का?" मावशी म्हणाल्या, "छे गं. तुझी पणजी कोकणातली असेल, तर आमच्याच घाण्याचं तेल वापरायची ती. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणायचे."

शाळा सुटल्यावर चहा पिता पिता त्या आपल्या धर्मशास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या. त्यांच्या तोंडून ऐकताना मिसरचा, म्हणजे इजिप्तचा, राजा फारो शेजारच्या आळीत राहत असावा असं वाटे. "आमच्यातल्या योसेफाने त्या देशाला दुष्काळातून वाचवलं. मग नवा राजा आला, त्याला योसेफ कोण ते आठवेना. तिथून त्या देशाची उतरण लागली. साथी, टोळ, अंधार हे सगळं नंतरचं. देश बुडायला शत्रू लागत नाही गं, विसरभोळा राजा पुरतो." आणि लगेच पुढे म्हणायच्या, "आमच्या राजांनाही सोडलेलं नाही हं शास्त्राने. विधवेला नाडलंत, परक्याला छळलंत तर तुमचंही राज्य जाईल, असं आमच्याच संदेष्ट्यांनी तोंडावर सांगितलं. आणि गेलंच की!"

मागच्या वर्षी एका सकाळी त्यांच्या गॅरेजच्या दारावर लाल रंगात लिहिलेलं सापडलं. काय लिहिलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. पोलीस आले, फोटो काढून गेले. मी रंगाचा डबा घेऊन गेले, तर मावशींनी अडवलं. "राहू दे. आठवडाभर वाचू दे गल्लीला. कोकणात आमच्या दारावर कधी कुणी काही लिहिलं नाही. इथे मी ज्यू म्हणून माझ्याकडे दूरच्या युद्धाचा जाब मागतायत. मी ठाण्याची बाई, मी कुठल्या सरकारला मत दिलं होतं?"

आमच्यातलेच एक गृहस्थ सहानुभूती दाखवायला आले आणि मुसलमानांना शिव्या देऊ लागले. मावशींचा चष्मा निघाला. "कुणी लिहिलं ते पोलिसांना ठाऊक नाही, तुम्हाला कसं कळलं? परक्याला छळू नका, तुम्हीही परके होतात, असं आम्हाला पुन्हा पुन्हा बजावलंय. माझा राग माझा आहे. तुमच्या द्वेषाला तो उसना मिळणार नाही. या आता."

त्याच आठवड्यात आमच्या समितीची बैठक झाली. अध्यक्ष शिरीष पॅरामॅटाला बँकेत मोठ्या पदावर, बोलायला गोड. तो म्हणाला, "काही पर्सनल नाही. मुलांच्या सेफ्टीचा प्रश्न आहे. काही दिवस मावशींनी ब्रेक घ्यावा." पत्र तयार होतं. ते सगळ्या पालकांना ईमेलने जाणार होतं, खाली पाच जणांची नावं. चौथं माझं. मी वाचलं, होकारार्थी मान हलवली आणि कॅलेंडर उघडून ऑफिसच्या पुढच्या मीटिंगला गेले. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रविवारी मावशी हॉलवर आल्या. राग तर आला होताच, पण त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला नाही. आम्हा पाचही जणांकडे एकेक करून बघितलं.

शिरीष म्हणाला, "मावशी, नो वरीज, थोडे दिवसच..."

"रंग फासणारा तोंड लपवून आला होता," मावशी म्हणाल्या. "तुम्ही सह्या करून आलात. घाण माझ्या दारावर पडली आणि शाळेबाहेर काढलंत मला! घाबरलात असं म्हणाला असतात तर मी समजून घेतलं असतं. सेफ्टी म्हणता? माझ्यापासून सेफ्टी?"

मी खुर्च्या रचायला लागले. मावशींनी कपाटातून आपली बाराखडीची पाटी काढली आणि त्या निघून गेल्या.

गाडीत माझ्या नऊ वर्षांच्या ईराने विचारलं, "Aai, what did Hannah Aunty do wrong?"

"काहीच नाही."

"Then why did she have to go?"

मी गाडी सुरू केली. त्यानंतर तीन आठवडे मी मावशींना फोनही केला नाही. त्या डार्विनला, हॉस्पिटलमध्ये नोकरी करणाऱ्या लेकीकडे कायमच्या निघाल्यात असं कळलं तेव्हा मात्र धावत गेले. घरभर खोकी पडली होती. मी रडायलाच लागले. "मावशी, मला फार वाईट वाटतंय."

"वाटू दे," त्या खोक्याला टेप लावत म्हणाल्या. "शास्त्रातल्या निनवे शहराचं राज्य पापांमुळे चाळीस दिवसांत बुडणार होतं. राजाला ते कळलं, तेव्हा तो आधी सिंहासनावरून उठला, मग राखेत बसला, आणि त्याने सगळ्या शहराला सांगितलं की आपण चुकलो. म्हणून ते शहर वाचलं. तू इथे माझ्या स्वयंपाकघरात एकटी रडतेस, त्याचा कुणाला काय उपयोग? ते पत्र जितक्यांना गेलं, तितक्यांना कळलं पाहिजे."

मी समितीत विषय काढला. पत्र मागे घ्यायला चौघेही तयार झाले नाहीत. मग मी राजीनामा दिला आणि त्याच ईमेल-यादीतल्या प्रत्येक पालकाला माझ्या नावाने लिहिलं: हन्ना पालकर यांची काहीही चूक नव्हती, आम्ही भ्यालो, आणि भीतीला सुरक्षितता हे नाव दिलं, मी सही केली, याची मला लाज वाटते. दोन मैत्रिणींनी बोलणं सोडलं. शिरीष दुकानात समोर आला की फोन कानाला लावतो. माझं पत्र वाचून तीन घरांनी मात्र मुलं त्या शाळेतून काढली.

ते पत्र मी मावशींनाही पाठवलं होतं. दहा दिवस उत्तर नव्हतं. अकराव्या दिवशी डार्विनहून मेसेज आला.

"पत्र वाचलं. व्याकरण ठीक. राग गेलेला नाही, इतक्यात जाणारही नाही. ईराची जोडाक्षरं कच्ची आहेत. रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल लाव. उशीर नको."