मत्स्यालयाच्या पायरीवर

"सांभाळ रे. हलू नकोस इथनं."

एवढं बोलून त्या गृहस्थानं आपले पंपशूज माझ्या हातात दिले. मी घेतले.

चूक माझीच. चर्नी रोडच्या मत्स्यालयात बायकोला आणि लेकीला, शकूला घेऊन पहिल्यांदाच गेलो होतो. दारातली फरशी आरशासारखी. मी चपला काढल्या. बायकोनं नाही काढल्या. म्हणाली, "तशी पाटी कुठाय?" आम्हाला देवळात कधी कुणी घेतलं नाही, तरी चपला काढायची सवय मात्र पक्की. गावी वरच्या आळीतून त्या हातात धरूनच चालायचो. रविवारची ही गर्दी. माझं बघून मागच्या चारपाच जणांनीही काढल्या. बघता बघता ढीग. ढिगाशेजारी अनवाणी मी. गृहस्थाला वाटलं, हा राखणदार.

आणि मी राखले. बायकोला म्हणालो, "तू शकूला घेऊन हो पुढं, आलोच." धर्म बदलून वर्ष झालं होतं. डिलाईल रोडच्या चाळीत माणुसकीवर तासतास बोलणारा मी, परक्याचे जोडे छातीशी धरून उभा. मासा एक दिसला नाही. नुसते पाय.

अर्ध्या तासानं गृहस्थ आला. माझ्या सदऱ्यावरचा संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला त्याला दिसला. त्याच्या कोटावरही तोच.

"वा! आपलाच माणूस की!" म्हणाला, आणि पाय पुढं केला. "घाल."

खोटं कशाला सांगू, कंबर वाकली होती माझी. छातीवरचा बिल्ला माझ्याच गुडघ्याला टोचला तेव्हा थांबलो. जोडे पायरीवर ठेवले.

"आपलाच असेन, तर तुमचे तुम्ही घाला."

"माजलेत साले!" तो म्हणाला. वाकला मात्र.

त्या शिवीचं काही वाटलं नाही. तो अर्धा तास आठवला की आजही कान तापतात.

पण त्या दिवशी घरी पोचेपर्यंत 'तुमचे तुम्ही घाला'ची फुशारकी मी बायकोला तीनदा ऐकवली. चौथ्यांदा तिनं थांबवलं.

"शकू आत इचारत हुती, बाबा कुठाय. मी सांगितलं, लोकांची पायताणं राखत्यात. खोटं बोलाय आलं न्हाई मला. येत्या रविवारी परत जायचं. चपला घालून. मासं तिला तुम्ही दाखवायचं."