तुळसाबाईचं पोट आणि आमचं डावं-उजवं

दुपारी वॉर्ड शांत झाला की आम्ही नर्सबाया बँडेजच्या गुंडाळ्या करायला बसतो. हात कामात आणि तोंड रिकामं, मग किस्से निघणारच. एकीचा संपायच्या आत दुसरीचा सुरू! म्हैसूरच्या या इस्पितळात केस पिकेपर्यंत राहिले, तेव्हा माझ्याकडेही पुष्कळ साठलेत. वाईट एवढंच, की बहुतेकांत हसं माझंच होतं. सगळ्यात जास्त झालं ते तुळसाबाईपायी.

पण आधी माझी विद्या सांगते.

हायस्कूल संपवून मी नर्सिंगला आले. आमच्या डॉक्टर सुब्बरावांनी पोट शिकवलं : उजवीकडे वर यकृत, उजवीकडे खाली अपेंडिक्स. मी ते पाढ्यांसारखं पाठ केलं. अडचण एकच. पेशंट समोर निजला की त्याची उजवी बाजू माझ्या डावीकडे यायची! मग मी पेशंटकडे पाठ करून उभी राहायची, आपला जेवायचा हात बघून घ्यायची आणि मग वळायची.

एकदा एक म्हातारी कळवळून म्हणाली, "अक्का, माझं काय चुकलं? पाठ का फिरवलीत?"

*

तुळसाबाई आली ती दसऱ्याच्या तोंडावर. तिचा नवरा नामदेवप्पा चामराजपुरमचा शिंपी, आमच्यासारखाच घरी मराठी बोलणारा. मिरवणुकीतल्या चाकरांचे कोट त्याच्याकडे शिवायला होते आणि काजं करायची ती तुळसाबाईने. पोट दुखत असताना बाई काजं करतच राहिली. ताप चढला, ओकाऱ्या लागल्या, तेव्हा नवऱ्याने जटक्यात, म्हणजे आमच्या इकडच्या घोडागाडीत, घालून आणली.

"कुठं दुखतंय?" मी विचारलं.

तिने बेंबीच्या खाली डावीकडे बोट ठेवलं. या वेळी मी पाठ न फिरवताच ओळखलं!

"घाबरू नका," मी नामदेवप्पाला म्हटलं. "डावीकडे काही महत्त्वाचं नसतं. पोट साफ झालं की बरं वाटेल."

आणि एरंडेलाची बाटली काढली. तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी पेशंटच्या पोटावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने माझी बाटली काढून घेतली.

"सिस्टर, पोट ताठ झालंय. आत काही सुजलं असेल, तर हे तिला मारेल. हौसच असेल तर तुम्ही घ्या!"

*

डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली. डावीकडचे ठोके कुठूनतरी लांबून येत होते. त्यांनी नळी झटकली, फुंकली, स्वतःच्या छातीला लावून बघितली.

"मी तर जिवंत आहे," ते म्हणाले.

मग नळी तिच्या उजवीकडे ठेवली, तर तिथे घण घातल्यासारखे ठोके! मग बोटांनी पोट ठोकून पाहिलं. यकृताचा जड आवाज डावीकडे.

"आरशात बघावं तसं आहे हिचं सगळं! म्हणजे अपेंडिक्सही डावीकडे, आणि तेच सुजलंय. फुटायच्या आत काढायला हवं. आत्ताच."

नामदेवप्पा पुढे आला. "जगेल ना, साहेब?"

"फुटलं नाही तर."

तुळसाबाई कण्हत म्हणाली, "डावीकडे म्हणून मी आल्यापासून सांगतेय की हो!"

*

ऑपरेशनसाठी पोट तयार करायचं काम माझं. घाईघाईने धुतलं, आयोडीन लावलं, स्वच्छ फडकं बांधलं. क्लोरोफॉर्म दिल्यावर डॉक्टरांनी फडकं सोडलं, तर उजवी बाजू पिवळीधमक आणि डावी कोरी!

"एनम्मा इदु?" ते ओरडले. "हे काय बाई? मी आता आरशात बघून कापू?"

मी झटपट डावीकडे आयोडीन लावलं. नेहमी उजवीकडे उभे राहणारे डॉक्टर डावीकडे आले, तर तिथे मी. मी पलीकडे पळाले, तर तिथे असिस्टंट. हत्यारांचा ट्रे तेवढा जुन्या जागी राहिला. डॉक्टरांनी न बघता सवयीने हात लांब केला, तो असिस्टंटच्या पोटात बसला.

"या खोलीत एकच गोष्ट आपल्या जागेवर आहे," डॉक्टर म्हणाले. "हिचं पोट!"

हसायची कुणाची छाती नव्हती. बऱ्याच वेळाने चिमट्यात अपेंडिक्स बाहेर आलं. जांभळं, टरटरलेलं, पण न फुटलेलं.

*

ताप उतरला, तुळसाबाई उठून बसायला लागली. डॉक्टर टाके काढायला आले तेव्हा नामदेवप्पा तिथेच होता. आपल्या टाक्यांचा डॉक्टरांना भारी अभिमान! समोर शिंपी बघून ते मुद्दाम बाजूला सरले.

"बघा, तुमच्याच धंद्यातलं आहे."

नामदेवप्पाने चष्मा चढवला आणि वाकून निरखून पाहिलं.

"टाका सरळ आहे. कुठं ओढ नाही."

डॉक्टर खुलले.

"पण साहेब, राग नका मानू. उसवलंच होतं, तर आतलं सगळं सुलट करूनच शिवायचं होतं की!"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

तुळसाबाईने लुगडं सारखं केलं.

"राहू द्या हो," ती नवऱ्याला म्हणाली. "अंगाला बसलंय ते."