बाबांचा संगणक आणि तीन ढाली

घरच्या संगणकातलं सगळं शरदला कळतं, असं आमच्या घरात एकच माणूस मानत होता. तो माणूस म्हणजे मी, शरद.

बाभुळगावच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत एक जुना संगणक आहे. लेक शाळेत असताना घेतलेला. ती शिकायला बाहेर गेली आणि तो बाबांच्या ताब्यात आला. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. आई गेल्यावर त्यांनी तिच्याविषयी लिहायला घेतलं. रोज सकाळी आंघोळ करून बसायचे आणि एका बोटाने टाईप करायचे. दोन वर्षांत बरंच लिहून झालं होतं. आम्हाला कुणालाच वाचायला दिलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. संगणकाच्या डब्यावरचा लाल दिवा सारखा लुकलुकत होता आणि आतून करकर ऐकू येत होती, उंदीर पुठ्ठा कुरतडतो तशी.

बाबा म्हणाले, "मी हातही लावला नाही, तरी हे कालपासून काही ना काही करूनच राह्यलं."

मी डॉक्टरसारखा डब्याला कान लावला. (ऑफिसात प्रिंटरमध्ये कागद अडकला की मलाच बोलावतात, हे इथे सांगितलं पाहिजे.) आधी डबा उघडून धूळ काढली. धूळ माझ्या अंगावर आली, करकर आत राहिली. मग व्हायरसचा संशय आला, म्हणून व्हायरस पकडणारा एक नवा प्रोग्रॅम टाकला. दिवा लुकलुकायचा थांबला आणि कायमचाच लागून राहिला. माऊसचा बाण आता पडद्यावरून बैलगाडीसारखा सरकू लागला.

शेवटी पुसदला मेहुण्याला फोन लावला. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने सांगितलं की हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल, आधी बाबांचं लिखाण पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. उतरवायला घेतलं. पडद्यावर आलं, दोन तास शिल्लक. थोड्या वेळाने नऊ तास. मग तासांचे दिवस झाले.

बाबा शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. ते हळूच म्हणाले, "तिच्याबद्दलचं सारं त्याच्यातच आहे, शरद. गेलं तं मले आता पुन्हा लिहिनं होनार नाही."

सकाळपासून मी जे जे केलं होतं, ते ते मला आठवायला लागलं, आणि त्यातलं एकही कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

माझी बायको सुनंदा जेवायला बोलवायला आली. बाबांचा चेहरा पाहून तिथेच थांबली. पडद्याच्या कोपऱ्यात वाकून पाहत तिने विचारलं, "अहो, या तीन तीन ढाली कायले ठेवल्या?"

मी समजावून सांगितलं. प्रत्येक ढाल म्हणजे व्हायरस पकडणारा एक प्रोग्रॅम; पहिला मागच्या वर्षी टाकलेला, दुसरा दिवाळीत, तिसरा आज सकाळी. जास्त संरक्षण असलेलं बरं, म्हणून.

सुनंदाने त्या ढाली बोटाने मोजल्या. मग म्हणाली, "म्हणजे तिघंही एकमेकाईचीच झडती घेऊन राह्यले."

तिने मला उठवलं आणि स्वतः बसली. दोन ढाली काढून टाकल्या, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला, करकरही थांबली. खोलीत इतकी शांतता झाली की पंख्याचा आवाज आला.

बाबांनी आपली फाइल उघडली. पहिलं पान जागेवर होतं. शेवटचंही होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि शेवटचं पान पुन्हा एकदा पाहिलं. मग सुनंदाला म्हणाले की आईबद्दल लिहिलेलं आधी तू वाच, चुका दुरुस्त करायच्या आहेत.

तेव्हापासून संगणकाला काही झालं की बाबा सुनेला हाक मारतात. मला फक्त प्लग लावायला सांगतात. तेही ती समोर उभी असेल तरच.