पांढरे गोंडे

"फुलंच तर आहेत, बाई! गुलाब थोडेच तोडलेत?" आमचे सर म्हणाले आणि सगळे हसले.

कॉलेजच्या सायकल सहलीत आम्ही अकरा जण होतो. गंगापूर रोडवरून पहाटे निघालो होतो. निफाडच्या पुढे एका शेतात उंच दांड्यांवर पांढरे गोंडे डुलताना दिसले आणि पाहता पाहता ते हँडलांवर आले.

शेतातली बाई ओरडली नाही. खुरपं कमरेला खोचून ती एकेका सायकलपाशी थांबली. गोंडा सोडवायची, दाणा भरलाय का ते अंगठ्याने चाचपायची आणि ओच्यात टाकायची. माझं हँडल रिकामं पाहून म्हणाली, "ही एक पोरगी शहाणी."

मग सरांकडे वळली. "फूल नाय दादा, कांद्याचं बी हाय. पुढल्या साली हेच पेरायचं. दाणा धरला नाय अजून."

"एवढ्यानं काय शेत बुडत नाही," म्हणत सरांनी निघायची शिट्टी वाजवली. कुणीतरी तिच्या 'हाय'ची नक्कल केली. पुन्हा हशा. रोज कांदा खाणाऱ्या आम्हाला शेतातला कांदा ओळखता आला नव्हता आणि हसत होतो तिला! माझे कान तापले. वर्गात हजेरीलासुद्धा माझा आवाज फुटत नसे. मी खांद्यावरच्या पिशवीत हात घातला आणि चुरगळलेला गोंडा बाहेर काढला.

"हसू नका, सर," मी म्हणाले. "मावशी, पहिला मी तोडला. बाकीच्यांनी माझं पाहून तोडले."